शेजाऱ्याची पहिली भाषा

हॉस्पिटलच्या एका फॉर्मसाठी मी चुकीची भाषा सांगितली. त्यामुळे माझे शेजारी आयुष्याच्या शेवटी तीन दिवस बोलत राहिले आणि ते काय म्हणतायत हे कुणाला कळलं नाही. मी ते ऐकलं होतं, लिहूनही घेतलं होतं. त्यांच्या मुलीने विचारलं तेव्हा मात्र मी म्हणालो, ‘काही बोलले नाहीत, शांत होते.’ या खोट्याला तीन वर्षं झाली. मी आता एक्क्याऐंशी वर्षांचा आहे. जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो आहे.

नोंदी ठेवणं ही माझी नोकरीच होती. एकतीस वर्षं मी एका हॉस्पिटलच्या तळघरात मेडिकल रेकॉर्ड्समध्ये होतो. एकाच नावाचे दोन पेशंट असले तर त्यांच्या फायली एकमेकांत जाऊ द्यायच्या नाहीत, जन्मतारीख दोनदा तपासायची, खाडाखोड दिसली की वर वॉर्डात फोन करायचा, हे माझं काम. वर डॉक्टर लोक खाडाखोड करत आणि खाली मी त्यांना फोन करून छळत असे. निवृत्त झालो तेव्हा एक सर्जन म्हणाले, ‘आता आम्ही सुखाने चुका करू.’ मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

लंडनमध्ये एजवेअरला आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात ते बाप-लेक राहायला आले तेव्हा मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी चाळिशीतली, एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर. वडील माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठे असावेत. नक्की सांगता येत नाही, कारण त्यांच्या कागदांवर जन्मतारीख एक जानेवारी होती. तारीख माहीत नसलेल्या सगळ्यांनाच एक जानेवारी देतात, हे मी रेकॉर्ड्समध्ये शेकडो वेळा पाहिलं होतं. डोक्याला चौकोनी घडीची भरतकाम केलेली टोपी, अंगात कार्डिगन, आणि त्यावर उभ्या पट्ट्यांचा लांब कोट. कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायलासुद्धा तो कोट घालूनच यायचे.

पेशावरमध्ये निर्वासित म्हणून पंधरा-सोळा वर्षं काढल्यामुळे त्यांना उर्दू येत होती. माझे वडील निजामाच्या राज्यात औरंगाबादला गिरणीत होते. घरात मराठी, पण भांडण आणि थट्टा उर्दूत. त्यामुळे आमचं जमलं. मी हॉस्पिटलात होतो एवढं कळल्यावर त्यांनी मला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणायला सुरुवात केली. मी एकदाही दुरुस्त केलं नाही.

बायको भिंतीपलीकडून ऐकत असायची. ‘अहो डॉक्टरसाहेब,’ मी घरात आलो की ती म्हणायची, ‘जरा माझं गुडघ्याचं ऑपरेशन करून टाका. नाहीतर फाईल तरी शोधा.’

ते अफगाणिस्तानच्या उत्तरेचे, एवढंच आम्हाला माहीत होतं. ‘अफगाण’ म्हटलं की ते मान डोलवायचे. दुकानात अफगाण बेकरीवाल्याशी ते दरीत, म्हणजे तिकडच्या फारसीत बोलायचे. घरात मुलीशी बोलायचे ते काहीतरी निराळं होतं, पण भिंतीतून येणाऱ्या आवाजाकडे कोण एवढं लक्ष देतं? ‘किझिम, किझिम’ अशी हाक तेवढी ओळखीची झाली होती. ते मुलीचं नाव असावं असं आम्हाला बरेच दिवस वाटत होतं. ‘माझी मुलगी’ असा त्याचा अर्थ आहे, हे नंतर कळलं.

एका सकाळी कुंपणाच्या फळ्या बसवणारा माणूस आला आणि सगळ्या फळ्या उलट्या बसवून गेला. खडबडीत बाजू आमच्याकडे, गुळगुळीत रस्त्याकडे. मी वैतागलो. शेजारी बाहेरच उभे होते. मी त्यांना उर्दूत म्हणालो, ‘बघा हो, काय उजबक माणूस आहे! बिल्कुल उजबक!’

आमच्या भागात उजबक म्हणजे मठ्ठ, अडाणी, ज्याला काही कळत नाही असा माणूस. माझ्या वडिलांचा तो आवडता शब्द होता. गणित चुकलं की ‘उजबक कुठला’, ताटात पाणी सांडलं की ‘उजबक’. मी तो मराठीच समजत होतो.

त्यांनी फळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, उजबक तर मी आहे.’

मला वाटलं, म्हातारा विनय दाखवतोय. मी मोठ्याने हसलो. ‘अहो काहीतरीच काय! तुम्ही कसले उजबक? तुम्ही तर शहाणे माणूस!’

ते हसले नाहीत. कोटाच्या पट्ट्या सारख्या करत सावकाश म्हणाले, ‘मी उझबेक आहे. माझा बाप उझबेक, आजा उझबेक. पेशावरच्या बाजारात पोरं आमच्या मागे हेच ओरडत यायची. उजबक आया, उजबक आया. माझी मुलगी आठ वर्षांची होती. तिने विचारलं होतं, बाबा, आपल्या नावाचा अर्थ मूर्ख आहे का?’

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक फळ्यांविषयीच काहीतरी बोललो.

इथे मला माझ्याविषयी सांगायला हवं, नाहीतर ही गोष्ट अर्धी राहील. आम्ही बौद्ध. माझ्या आज्याच्या काळी गावात आमच्या जातीचं नाव शिवीसारखं वापरलं जायचं. बैल बसला की बैलाला, पोर रडलं की पोराला तेच नाव. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होतो, पण घरी येऊन ते काय म्हणाले ते मला आठवतं : ‘आता आपल्याला आपण निवडलेलं नाव आहे.’ माझी आई इथे इंग्लंडमध्ये वारली तेव्हा कारकुनाने धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहिलं होतं. मी कॉफिन थांबवलं नसतं, पण कारकुनाला थांबवलं. त्याच दुपारी दुरुस्ती करून घेतली, त्यावर सही घेतली आणि मगच घरी आलो. बायकोच्या भावाने मला त्यावेळी म्हटलं होतं, ‘भाऊजी, आईला जळायला एक शब्द कमी पडला नसता.’ मी त्याच्याशी वर्षभर बोललो नाही.

असा मी माणूस. आणि दुसऱ्या एका जमातीचं नाव मी साठ-सत्तर वर्षं शिवी म्हणून तोंडात वागवत होतो, तेही त्याच वडिलांकडून शिकून. दिल्लीच्या दरबारात इराणी सरदार उत्तरेकडून आलेल्या उझबेक शिपायांना असं हिणवायचे म्हणे, आणि तिथून तो शब्द दख्खनपर्यंत आला असावा. ते काहीही असो. त्या सकाळनंतर ‘उझबेक’ हा शब्द माझ्या तोंडून निघेना. ‘उ’ म्हटला की पुढे मला माझाच ‘उजबक’ ऐकू यायचा.

त्यांनी माझ्याशी बोलणं थांबवलं नाही. उलट, आपण कोण आहोत हे एकदा सांगितल्यामुळे ते अधिक मोकळे झाले. त्याच सुमाराला आमच्या लायब्ररीने आसपासच्या म्हाताऱ्यांच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं. मी तिथे स्वयंसेवक होतो. ‘तुम्हाला उर्दू येते, तुमच्या शेजाऱ्यांना विचारा ना,’ असं लायब्ररीतल्या बाईंनी सुचवलं. चार मंगळवार दुपारी मी त्यांच्या किचनमध्ये बसलो आणि ते सांगत गेले.

त्यांचे आजोबा अमू नदीच्या पलीकडचे, बुखाऱ्याच्या बाजूचे. तिकडे बोल्शेविक आले, मेंढ्या सरकारजमा व्हायला लागल्या, तेव्हा आजोबांनी बकऱ्यांची कातडी फुगवून तराफा बांधला आणि कुटुंब इकडे आणलं. तराफ्यावर बायको, दोन मुलं, एक शिवणकामाची पेटी आणि काराकुल जातीचा एक एडका. ‘एडका का आणला?’ मी विचारलं. ‘मेंढ्या तर या बाजूलाही मिळतात,’ ते म्हणाले, ‘पण कुरळ्या लोकरीचा तसा एडका मिळत नाही. आजी म्हणायची, याने मला मागे बसवलं आणि एडक्याला पुढे.’ आजोबांसारख्यांना तिकडे मुहाजिर, म्हणजे देश सोडून आलेले, म्हणत. आईकडचे मात्र नदीच्या अलीकडेच शेकडो वर्षं राहणारे उझबेक. लग्नात दोन्ही बाजूंच्या बायका एकमेकींच्या भातावरून टोमणे मारायच्या : तुमच्यात गाजर जाड कापतात.

शाळेत फारसी आणि पश्तू. उझबेक फक्त घरात. वर्गात चुकून घरचा शब्द तोंडून गेला तर मास्तर उभं करायचे. ‘म्हणून मी आईला शाळेतलं काही सांगू शकत नव्हतो,’ ते म्हणाले, ‘शाळेतल्या गोष्टींचे शब्दच आमच्या भाषेत मला माहीत नव्हते.’ रेडिओवर ताश्कंदची गाणी लागायची ती सगळं गाव ऐकायचं. पलीकडे राहिलेल्या चुलत्यांचं एकदा पत्र आलं. भाषा तीच, पण पलीकडे लिपी रशियन झालेली, इकडे अरबी. घरात कुणालाच ते वाचता येईना. रशियात शिकून आलेला एक इंजिनिअर जिल्ह्याच्या गावी होता, त्याला उझबेक येत नव्हतं. तो अक्षरं नुसती मोठ्याने वाचत गेला आणि समोर बसलेली आजी त्याचा अर्थ समजून रडत होती. ‘वाचणाऱ्याला काही कळत नव्हतं आणि जिला कळत होतं तिला वाचता येत नव्हतं,’ हे सांगताना मात्र ते खूप हसले.

मी सगळं लिहून घेतलं, इंग्रजी केलं. पण ‘उझबेक’ कुठेच लिहिलं नाही. ‘उत्तर अफगाणिस्तानातलं एक कुटुंब’, ‘तिथली स्थानिक भाषा’, ‘त्या भागातले लोक’ असं लिहीत गेलो. स्वतःला सांगितलं की वाचकांना सोपं जावं म्हणून. पुस्तिका छापून आली. मुलीने त्यांना ती घरच्या भाषेत समजावून सांगितली. दुसऱ्या दिवशी ते कुंपणापाशी आले.

‘छान आहे, डॉक्टरसाहेब. एडकासुद्धा आहे.’ मग म्हणाले, ‘पण यात आम्ही कुठे आहोत?’

मी म्हणालो, ‘पुढच्या वेळी छापतील तेव्हा घालतो.’

‘घाला,’ ते म्हणाले. ‘घाई नाही.’

त्या वर्षी मुलगी पलीकडे जायला निघाली. बुखाऱ्याजवळचं पणजोबांचं गाव शोधायचं, तीन आठवड्यांनी परत यायचं. वडिलांना प्रवास झेपणारा नव्हता. निघायच्या सकाळी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर एक गोल भाजलेली रोटी होती, मधोमध ठसा उमटवलेली. मुलीने तिचा एक घास दाताने तोडला. उरलेली रोटी त्यांनी कापडात बांधून किचनच्या भिंतीवर खिळ्याला टांगली. त्यांच्यात माणूस लांब निघालं की असं करतात, आल्यावर त्यानेच ती रोटी संपवायची. ‘तोवर ती दगड होईल,’ बायको म्हणाली. ‘होऊ दे,’ ते म्हणाले, ‘चहात बुडवेल.’ मुलीने घराची किल्ली मला दिली. म्हणाली, ‘चाचा, यांच्याकडे बघा. औषधं घेतली असं म्हणतात आणि घेत नाहीत.’

दहा-बारा दिवसांनी, एका सोमवारी सकाळी, पडदे उघडले नाहीत म्हणून मी किल्ली लावून आत गेलो. ते किचनमध्ये जमिनीवर होते. शुद्ध होती, पण तोंड एका बाजूला ओढलेलं. अॅम्ब्युलन्समध्ये मी त्यांच्या बरोबर बसलो.

वॉर्डात एक तरुण नर्स फॉर्म घेऊन आली. नाव. जन्मतारीख. एक जानेवारी म्हटल्यावर ती म्हणाली, ‘आज हे तिसरे.’ जवळचे नातेवाईक. मुलगी, परदेशात. मग म्हणाली, ‘पहिली भाषा?’

मला उत्तर माहीत होतं. चार मंगळवार मी तेच ऐकलं होतं. ‘उ’ जिभेवर आला आणि तिथे थांबला. मी म्हणालो, ‘दरी. अफगाण आहेत.’ तिने लिहून घेतलं.

सुरुवातीला मी मनाशी म्हणालो, खोटं नाही, दरी त्यांना येतेच. पण त्या दुपारपर्यंत त्यांची दरी गेली होती. उर्दूही गेली. मी ‘भाईसाहेब’ म्हटलं तर डोळे माझ्याकडे वळायचे, पण उत्तर येत होतं ते दुसऱ्याच भाषेत. मेंदूला मार बसला की नंतर शिकलेलं कधी कधी आधी जातं आणि आईचं तेवढं उरतं. अशा केसेसच्या फायली मी स्वतःच्या हातांनी लावल्या होत्या.

मंगळवारी दुपारी नर्सने फोनवरून दुभाषी बोलावली. स्पीकरवर एका बाईचा आवाज आला. तिने दरीत काही विचारलं. ते बोलले, दोन-तीन वाक्यं, जड जिभेने. बाई इंग्रजीत म्हणाली, ‘मला कळत नाहीये. कदाचित जीभ जड झालीये. पण ही दरी आहे का, याची मला खात्री नाही. तिथे त्यांना ओळखणारं कुणी आहे का?’

नर्स माझ्याकडे वळली. ‘त्यांची दुसरी एखादी भाषा आहे का?’

आयुष्यात मला इतका सरळ प्रश्न क्वचित कुणी विचारला असेल. पण मी तिला आदल्या दिवशीच ऐटीत सांगितलं होतं की मीही हॉस्पिटलात होतो, रेकॉर्ड्समध्ये, एकतीस वर्षं. आणि आता तिला सांगायचं, की काल मी दिलेली नोंद चुकीची होती? चुकीची का दिली असं तिने विचारलं तर?

‘नाही,’ मी म्हणालो. ‘घरी दरीच बोलतात. मला वाटतं त्यांना भ्रम झालाय.’

तिने ‘कन्फ्यूज्ड’ लिहिलं. मी उलट्या बाजूनेही अक्षर वाचू शकतो, ती सवय जात नाही.

आवाजाचा इतरांना त्रास नको म्हणून त्यांना एका स्वतंत्र खोलीत हलवलं. दार जड, आपोआप लागणारं. मी रोज भेटीच्या वेळेत, दुपारी जाऊन बसायचो. ते बराच वेळ शांत पडलेले असायचे आणि मग एकदम ओरडायला लागायचे. नेहमी तेच वाक्य. ओरडले की कुणीतरी येई, पांघरूण सारखं करी, समजावी आणि जाताना दार लावून घेई. मग ते पुन्हा ओरडत. बुधवारी खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या कागदावर ‘अॅजिटेटेड, शाउटिंग’ असं लिहिलेलं मी वाचलं.

त्या वाक्यात ‘किझिम’ मला ओळखू येत होतं. नर्सला मी सांगितलंही, ‘मुलीची आठवण काढतायत.’ ती म्हणाली, ‘बिचारे.’ बाकीचं मला कळत नव्हतं, पण ते इतक्या वेळा ऐकलं की पाठ झालं. मी खिशातली डायरी काढून देवनागरीत लिहून ठेवलं : एशिकनी योपमंग, किझिम केलादी. शेवटचा ‘ंग’ नाकातून अगदी पुसट यायचा. तो लिहावा की नाही असा प्रश्न मला पडला. ऐकू येतंय तर लिहावं म्हणून लिहिला. त्यावेळी मनात खरंच होतं, की मुलीला दाखवू.

तिचा इथला फोन तिकडे लागत नव्हता. तिकडचा नंबर तिने वडिलांना एका चिठ्ठीवर दिला होता, आणि ती चिठ्ठी पट्ट्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात निघाली, बुधवारी संध्याकाळी, हॉस्पिटलने कपडे भरून ठेवलेल्या पिशवीत. मी लगेच फोन केला. गुरुवारी तिने विमानतळावरून फोन केला तेव्हा मी तो त्यांच्या कानाशी धरला. पण त्या सकाळपासून त्यांचं बोलणं बंद झालं होतं. तिला फक्त श्वास ऐकू आला. शुक्रवारी सकाळी ते गेले. ती संध्याकाळी पोचली.

दफन झाल्यावर दोन दिवसांनी आम्ही तिच्याकडे गेलो. तिने खिळ्यावरची रोटी काढली होती आणि चहात बुडवून खात होती. दगड झाली होती, तरी एकेक तुकडा खात होती. मग तिने विचारलं, ‘चाचा, शेवटी काही बोलले का?’

डायरी माझ्या खिशात होती. वाक्य वाचून दाखवलं असतं तर तिचा पुढचा प्रश्न ठरलेला होता : हे तर उझबेक आहे, तुम्ही त्यांना सांगितलं नाही का?

‘नाही, बेटा,’ मी म्हणालो. ‘शांत होते.’

ती म्हणाली, ‘बरं झालं. मला भीती वाटत होती की काही सांगायचा प्रयत्न करत असतील.’

बायको माझ्याकडे बघत होती. वॉर्डात काय चाललं होतं ते मी तिला रोज घरी येऊन सांगत होतो, भाषेचं सोडून सगळं. रस्त्यावर आल्यावर तिने विचारलं, ‘शांत होते?’ त्या रात्री तिला भाषेचंही सांगितलं. ती एवढंच म्हणाली, ‘आईच्या वेळी एका शब्दासाठी तुम्ही माझ्या भावाशी वर्षभर अबोला धरला होता.’

तीन वर्षं ती मुलगी आमच्या भिंतीपलीकडे राहिली. ईदला वाटी पाठवायची. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तीच गाडीने घेऊन गेली. ‘तुम्ही माझ्या बाबांजवळ होतात,’ असं ती आल्यागेल्याला सांगायची. तिने असं म्हटलं की मी उठून काहीतरी कामाला लागायचो.

या वर्षी तिला रीडिंग शहरात नोकरी मिळाली. घर सोडायच्या आदल्या आठवड्यात ती निरोप घ्यायला आली आणि गेली. दार लागल्यावर बायको म्हणाली, ‘रीडिंगला जाऊन सांगणार आहात, की मी मेल्यावर?’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डायरी घेऊन गेलो. ती खोक्यांमध्ये बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. फॉर्मचं, दुभाषीचं, नर्सच्या प्रश्नाचं. तिने गुंडाळणं थांबवलं नाही. मग म्हणाली, ‘वाचा.’

मी वाचलं. तिला कळलं नाही. ‘पुन्हा.’ मी पुन्हा वाचलं, सावकाश. तिने हातातली बशी खाली ठेवली आणि तेच वाक्य तिच्या पद्धतीने म्हटलं. तिच्या तोंडून ते अगदी वेगळं, आणि तरी तेच होतं.

‘एशिक म्हणजे दार,’ ती म्हणाली. ‘दार लावू नका, माझी मुलगी येतेय.’



‘तुम्ही योपमंग लिहिलंय,’ ती म्हणाली. ‘नक्की असंच म्हणाले? योपमा नाही?’

‘शेवटी नाकातून काहीतरी होतं. नक्की.’

‘योपमा म्हणजे लावू नकोस. योपमंग म्हणजे लावू नका. मोठ्यांना, परक्यांना म्हणतात तसं.’ तिने माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. ‘ते त्या पोरींशी अदबीने बोलत होते. आणि त्यांनी काय लिहिलं म्हणालात?’

मी सांगितलं : बेचैन, ओरडतायत.

‘नुसतं दार उघडं ठेवायचं होतं,’ ती म्हणाली.

मी म्हणालो, ‘हो.’

मग तिने विचारलं, की हे कागदावर असंच राहणार का? मला या एकाच गोष्टीतलं कळतं. मी सांगितलं, की जुनी नोंद पुसत नाहीत, पण चूक दाखवणारं पत्र दिलं तर ते फाईलला जोडतात आणि फाईल उघडणाऱ्याला ते दिसतं. ती म्हणाली, ‘मग बसा आणि लिहा.’

एका खोक्यावर कागद ठेवून मी लिहायला बसलो. पहिली भाषा : उझबेक. इंग्रजीत तो पाच अक्षरांचा शब्द आहे. चुकीची माहिती कुणी दिली, इथे मी ‘एका शेजाऱ्याने’ असं लिहिलं. ती वाकून वाचत होती. म्हणाली, ‘तुमचं नाव लिहा.’ मी लिहिलं, हुद्द्यासकट : निवृत्त रेकॉर्ड्स क्लार्क. ‘तुम्ही डॉक्टर नव्हतात?’ तिने विचारलं. मी नाही म्हणालो.

अडलं ते वाक्यापाशी. मराठीत ‘लावू नका’ म्हटलं की झालं. इंग्रजीत ‘डोन्ट क्लोज द डोअर’ लिहिलं आणि वाचून पाहिलं तर तो हुकूम वाटत होता, जणू ते खरंच कुणावर ओरडत होते. मी पुढे ‘प्लीज’ लिहिलं. तिने पेन घेतलं आणि त्यावर काट मारली.

‘ते त्यांनी म्हटलं नव्हतं,’ ती म्हणाली. ‘जेवढं म्हटलं तेवढंच लिहा.’

मग आम्ही खाली वेगळी ओळ लिहिली : या माणसाच्या भाषेत हे वाक्य आदराने बोलायच्या रूपात आहे. ती ओळ जमायला अर्धा तास लागला. नवीन कागदावर स्वच्छ प्रत काढली, दोघांनी सह्या केल्या.

निघताना मी माफी मागितली. तिने पुन्हा बशी उचलून कागदात गुंडाळायला घेतली.

‘पत्राची एक कॉपी मला पाठवा,’ ती म्हणाली. ‘रीडिंगचा पत्ता चाचींकडे आहे.’

दुसऱ्या दिवशी पाठवली.